मालनकाकूंचा बिल्ला

"बिल्ला ज्याचा त्यानेच घालायचा हं," तांबट मॅडम मला दोनदा म्हणाल्या होत्या. त्या हवेच्या शास्त्रज्ञ. सोलापुरातल्या आमच्या सोनार बोळात बिल्ले द्यायला आल्या होत्या. मी हसले. "दागिना आहे का, चोरीला जायला?"

"ऐका तरी. डिझेलच्या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड असतो, श्वासनळ्या सुजवतो. गाडीतलं युरियाचं द्रावण त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन करतं. ही धूरधुलाई. पण द्रावण पुरत नाही, म्हणून जवळपास बिल्ला असला तरच गाडी धूर धुते."

"आणि नसला तर?"

"गाडीच्या लेखी तिथे कुणी राहतच नाही."

बिल्ले फक्त नाजूक फुफ्फुसांना. बोळात दोनच: माझ्या सात महिन्यांच्या जुईचा आणि तळमजल्यावरच्या मालन भावसारकाकूंचा. माझा नवरा बोटीवर असतो. दिवसभरात मला बोलायला काकू, काकूंना मी.

जुईच्या उष्टावणाला चिपळूणला निघाले, मामाच्या मांडीवर पहिला घास भरवायला. काकूंनी आपला बिल्ला काढून तिच्या मनगटाला बांधला, काळ्या मण्यांशेजारी.

"काकू, अहो, तुम्हाला?"

"मला मेलीला काय होतंय! घाटात ट्रक फार. दोन असले की दुप्पट राखण."

मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

आज चौथा दिवस. सकाळी तांबट मॅडमचा पुण्याहून फोन आला. "बोळ नकाशावर रिकामा दिसतोय. रस्त्याच्या कामामुळे सगळ्या बस तिथूनच वळवल्यात. मालनबाई तुमच्याबरोबर आहेत ना?"

"नाही. त्या घरीच आहेत."

"मग त्यांचा बिल्ला चिपळुणात कसा?"

मी फोन ठेवला. काकूंना अकरा वेळा फोन केला. वाजून वाजून बंद झाला. रुग्णवाहिकेला केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, बिल्ल्याच्या नोंदीप्रमाणे पेशंट चिपळूणला आहेत, प्रकृती उत्तम. सोलापूरच्या पत्त्यावर कुणीच नाही."

"अगं बाई, बिल्ला इथे आहे, माणूस तिथे आहे!"

"नोंद तशी नाही, मॅडम."

जुईला घेऊन मी बसमध्ये बसलेय. पोचायला संध्याकाळ होईल. तुमच्यापैकी कुणी सोलापुरात असेल तर सोनार बोळात जा. पिठाच्या गिरणीशेजारी, तळमजला, निळं दार. काकूंना कमी ऐकू येतं. कडी जोरात वाजवा. उघडलं नाही तर दार तोडा, पण आत जाऊन बघा.