दाराजवळची रिकामी खाट

तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. दुपारची वेळ, भेटायला आलेले नातेवाईक निघून गेलेले, वॉर्डात फिनेलचा वास आणि कुणाचं तरी संथ घोरणं. सकाळपाळीची सिस्टर घरी जायला निघाली होती, एवढंच. पण जरा जवळ सरकून बसा, कारण मोठ्याने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

त्या वॉर्डात दोन सिस्टर होत्या. एकीला सगळे थोरली म्हणायचे, दुसरीला धाकटी. नात्याने बहिणी वगैरे नव्हत्या. पण वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेल्या, एकमेकींच्या पोरांची आजारपणं काढलेली, म्हणून ही नावं पडली. आणि भांडल्या तेव्हा मात्र सख्ख्या बहिणींसारख्या भांडल्या. म्हणजे बोलणंच बंद.

कारण ऐकाल तर हसाल. राउंडच्या वेळी, मोठ्या डॉक्टरांसमोर, धाकटी म्हणाली, "ताई, सलाईन फार जोरात चाललंय." चाललंच होतं. थोरलीने मुकाट्याने वेग कमी केला, पेशंटचं काही बिघडलं नाही, विषय संपला. पण चारचौघांत चूक दाखवली ना हिने. थोरलीला ते इतकं लागलं की त्या दिवसापासून तिने अबोला धरला. चूक आपली होती हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच राग जाता जात नव्हता.

आता वॉर्डाचा नियम असा, की पाळी बदलताना जाणारीने येणारीला बरोबर घेऊन खाटेखाटेपाशी थांबायचं. काय दिलं, काय द्यायचं, कशावर नजर ठेवायची, सगळं सांगायचं. येणारीने ते परत म्हणून दाखवायचं, मगच पुढची खाट. या दोघींनी त्यावर तोड काढली होती, ती म्हणजे वॉर्डातली मावशी. "मावशी, तिला सांगा, खिडकीजवळच्या बाईंना ताप आहे." "मावशी, त्यांना सांगा, कळलं." दोघी हातभर अंतरावर उभ्या, आणि मधे मावशी बिचारी टपालखात्यात नोकरीला लागल्यासारखी इकडून तिकडे मान वळवतेय. पेशंटसुद्धा तोंडावर चादर घेऊन हसायचे.

त्या दिवशी मावशी रक्ताचे नमुने घेऊन लॅबमध्ये गेली होती.

आणि नेमकं त्याच दिवशी कोपऱ्यातल्या आजोबांना सकाळचं इंजेक्शन सोसलं नव्हतं. अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली. वेळीच आवरलं म्हणून निभावलं. "हे पुन्हा द्यायचं नाही, जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर नंतर लिहितो म्हणत ऑपरेशनला पळाले. आजोबा औषधाच्या गुंगीत. संध्याकाळी तेच इंजेक्शन पुन्हा द्यायचं ठरलेलं. ते देऊ नको हे धाकटीला सांगू शकणारी वॉर्डात एकटी थोरलीच होती.

धाकटी आली, टेबलापाशी उभी राहिली. थोरलीने किल्ल्या ठेवल्या, पर्स उचलली. तोंड उघडलं की आपण हरलो, असं तिला वाटत होतं. गरज असेल तर विचारेल, ती मनाशी म्हणाली. धाकटीने विचारलं नाही. थोरली निघून गेली. विसरली असती तर वेगळं होतं हो. ती विसरली नव्हती.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं. तिने ते तसंच बाजूला सारलं.

"चेहरा का असा पडलाय गं?"

"डोकं दुखतंय, आई."

संध्याकाळ व्हायला आली तसा तिचा धीर सुटला. तिने वॉर्डात फोन लावला. कुणीतरी उचलला. "आजोबांना ते इंजेक्शन..." ती बोलायला लागली. पलीकडे नुसता श्वास. शांत, अगदी कानाजवळचा. मग फोन ठेवला गेला, आणि पुन्हा लागलाच नाही. ती होती तशी उठली, चपला अडकवल्या आणि टॅक्सी पकडली.

रस्ताभर तिला आजोबांची मुलगी दिसत होती. सकाळी डबा देताना "तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते" म्हणाली होती. एका शब्दासाठी आपण हे केलं. थोरलीला टॅक्सीवाल्याच्या आरशात स्वतःकडे बघवेना.

जिना ती पळतच चढली. वर बोळात चिटपाखरू नव्हतं, दिवे लागले होते. वॉर्डाच्या दाराशी तिला कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. हळू, समजुतीचं बोलणं. आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते चटकन ध्यानात येईना. स्वतःचा आवाज माणसाला असा बाहेरून कुठे ऐकू येतो? तिने दार ढकललं. बोलणं थांबलं.

आत धाकटी एकटीच टेबलापाशी होती. कोपऱ्यात आजोबा उशीला टेकून चहा पीत होते.

"आजोबांचं इंजेक्शन..." धापा टाकत थोरली म्हणाली.

"नाही दिलं. तू सांगितलंस ना." धाकटी हसली. "आत्ता तर इथे बोलत होतीस, ताई. बाहेर कधी गेलीस? एवढी पळत का आलीस?"

"मी... कधी सांगितलं?"

"चेष्टा करतेस का? दुपारी निघालीस आणि लगेच परत आलीस. माझा हात धरलास. केवढा गार होता गं तुझा हात... खाटेखाटेपाशी नेलंस, एकेकाचं सांगितलंस, माझ्याकडून म्हणून घेतलंस. मग आजोबांच्या उशाशीच बसून होतीस. मघाशी फोनसुद्धा तूच उचललास." धाकटीचे डोळे भरून आले. "आणि म्हणालीस, त्या दिवशी तुझं बरोबर होतं, मलाच सहन झालं नाही. किती वाट पाहिली मी ते ऐकायची."

थोरलीच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला लाज वाटली. जे कोण आलं होतं, त्याने तिच्या तोंडाने तिचंच काम केलं होतं, आणि तिच्यापेक्षा चांगलं केलं होतं. ती मी नव्हते, एवढंच सांगायचं होतं. तिने सांगितलं नाही. धाकटीने गळ्यात हात टाकले, ते तिने टाकू दिले.

"बरं, एक विचारायचं राहिलं," धाकटी म्हणाली. "दाराजवळच्या खाटेवर कोण येणार आहे?"

"ती तर रिकामी आहे."

"हो ना. पण तू तिथेही थांबलीस. म्हणालीस, आज इथे एक बाई येईल. तिच्या छातीत दुखत असेल, पण ती आपल्या तोंडाने सांगायची नाही. कोण गं, म्हटलं... तर नुसती बघत राहिलीस माझ्याकडे."

थोरली त्या खाटेपाशी गेली. कुणी अंग टाकावं म्हणून चादरीचा कोपरा दुमडून ठेवला होता. उशीत डोक्याएवढा खळगा होता. तिने हात लावला. ऊब होती.

जिना चढल्यापासून तिच्या छातीवर काहीतरी बसलं होतं. आता ते डाव्या हातात उतरत होतं. हे काय असतं ते तिला चांगलं कळत होतं. नुसतं वळून सांगायचं होतं.

"ताई, तुला एवढा घाम का फुटलाय?" मागून धाकटी म्हणाली. "काही होतंय का... ताई?"

थोरलीने रुमालाने कपाळ पुसलं. दुपारी आपण हिच्या हातून काय घडू देणार होतो, आणि आता हिनेच आपल्याला धरून खाटेवर निजवायचं. मान वर करायचीसुद्धा तिला लाज वाटली.

"काही नाही," ती म्हणाली.