एका ठिपक्याची रुंदी

त्वचामुद्रकाचं तापमान चढत होतं, तेव्हा वैजयंती हुद्दारने नकाशा पुन्हा उघडला. पडद्यावर गजेंद्र उबाळे यांच्या तर्जनीचं टोक ताटाएवढं दिसत होतं. लाल रक्तवाहिन्या, तपकिरी त्वचा, पिवळे मज्जातंतू.

उबाळे जन्मांध, ब्रेल पुस्तकांचे मुद्रितशोधक. वाचायचं बोट शेगडीवर भाजलं होतं. "चहा करायला गेलो आणि डोळे भाजून आलो," असं ते भरती होताना म्हणाले होते.

"आता काय शोधतेस?" डॉ. मुकादमांनी विचारलं. "काठछाट झाली ना?"

छापलेल्या पेशी रुजताना चहूबाजूंनी नकाशातल्या एकेका ठिपक्याएवढ्या पसरत. म्हणून नकाशातल्या प्रत्येक रंगाचा काठ आधीच एक ठिपका छाटायचा. पेशी वाढल्या की आकार मूळ मापावर येई.

"झाली, सर. पण पिवळे सुटे ठिपके दिसत नाहीत." ती थांबली. "छाटण्याआधी मीच पुसले."

वैजयंती पूर्वी इचलकरंजीत साड्यांची डिझाइनं करायची. सुटा ठिपका म्हणजे धूळ, तो आधी पुसायचा, ही तिथली शिस्त.

"अगं, ते स्पर्शबिंदू! बोट हलेल, पण त्याला कळणार काहीच नाही."

"ठेवले असते तरी छाटणीत गेलेच असते. एका ठिपक्याचा काठ काढल्यावर उरतं काय?"

"मग तेवढे छाटणीतून वगळ."

तिने मूळ नकाशातले ठिपके परत आणले. शेजारशेजारच्या दोहोंमध्ये जेमतेम दोन ठिपक्यांची जागा होती. तिचा हात बटणावर अडला.

"सर, हे पुन्हा एकदा तपासू या?"

"पेशींची कुपी उघडलीय, थांबलो तर त्या मरतील. उबाळेंच्या पेशी एवढ्याच आहेत. सोड आता."

तिने बटण दाबलं.

पट्टी सुटली त्या दिवशी उबाळेंनी ब्रेलच्या कागदावर बोट टेकवलं. "जाणवतंय! कागद गार आहे हो!" मुकादमांनी वैजयंतीच्या पाठीवर थाप मारली.

"अक्षर सांगा," ती म्हणाली.

"एक ठिपका."

तिथे दोन होते. तिने त्यांचं बोट धरून सहाही ठिपके उठवलेल्या अक्षरावर ठेवलं.

"हाही एकच. पण केवढा मोठा!"

मुकादमांचा हसरा चेहरा उतरला. बोटातला न छाटलेला पिवळा ठिपकाही पसरलाच होता. शेजारचाही पसरला होता, आणि मधली जागा संपली होती.

उबाळेंनी सगळ्या ओळीवरून बोट फिरवलं, मागे आणलं, पुन्हा फिरवलं. इतरांच्या चुका पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"बाई, खरं सांगा," ते म्हणाले. "चूक कागदात आहे की बोटात?"