छाती बत्तीस

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. माझं हसून झालं होतं, म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते...

ही माझ्या सख्ख्या मावशीच्या दुकानात घडली. मावशी टेलर. गल्लीच्या टोकाला तिचं छोटंसं दुकान. एक मशीन, कटिंगचं टेबल आणि मागे, कपडे घालून बघायला, पडदा लावलेला कोपरा.

गेल्या वर्षी, एका मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला ती आवराआवर करत होती. तेवढ्यात एक माणूस आत शिरला.

हातात सुरी.

त्यानं सुरी तिच्या गळ्याला लावली. मावशीच्या हातात इस्त्री होती, जुनी, लोखंडी.

एकच फटका.

तो पडला, तो उठलाच नाही.

पोलीस झाले, कोर्ट झालं. स्वतःचा जीव वाचवताना घडलं, असं म्हणून मावशीला सोडलं. गल्लीनं तर तिला डोक्यावर घेतलं. 'वाघीण' हे नावच पडलं. बटण लावायला आलेलं गिऱ्हाईकही विचारायचं, "कसा होता हो तो?"

मावशी हात वर करून दाखवायची. "हा एवढा! अख्खं दार भरलं होतं त्यानं."

आणि मी? मी शाळेत त्याला साडेसहा फुटांचा केला, वर दाढीही चिकटवली.

मग एके दिवशी बेकरीवाले काका शर्टाचं माप द्यायला आले. काका म्हणजे आधी पोट येतं, मग माणूस. मावशीनं छातीभोवती टेप फिरवला, आकडा बघितला...

बत्तीस.

तिनं डोळे चोळले. पुन्हा टेप लावला आणि आकडा मोठ्यानं वाचला.

बत्तीस.

"तुमच्या तोंडात साखर पडो, ताई!" काका खूश. "थांबा, बायकोला फोन करतो!"

मावशी कसंनुसं हसली. टेप ताणला असेल, आटला असेल, काहीतरी झालं असेल. तिनं नवा टेप आणला. त्यावरही बत्तीस. शेवटी वहीतलं काकांचं जुनं माप काढलं, सेहेचाळीस, आणि त्यावर कापड बेतलं. दोनदा मोजलं. कापलं. शिवलं.

काकांच्या कोपरावर बाही अडकली, ती वर सरकेना.

"ताई, हा माझा आहे की माझ्या पुतण्याचा?"

काका गेल्यावर मावशीनं तो शर्ट टेबलावर पसरला आणि मोजला. छाती बत्तीस. खांदा पंधरा. बाही तेवीस...

तिनं टेप हातातून टाकून दिला.

कारण हे माप तिनं कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. ते तिनं एकदाच घेतलं होतं, नुसत्या डोळ्यांनी. तीस वर्षांची सवय. दारात माणूस उभा राहिला की मावशीच्या डोक्यात आकडे येतातच, मग तो गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो...

की सुरी घेऊन आलेला असो.

हे तिनं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ती जे कापेल ते त्याच मापाचं होऊ लागलं. गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. आणि नेमकी त्याच आठवड्यात मी उड्या मारत दुकानात गेले.

"मावशी, शुक्रवारी आमच्या शाळेत तुझं भाषण! बाईंना मीच पटवलं. 'न घाबरता लढा'!"

"नको गं."

"असं काय करतेस? सगळ्या वर्गाला सांगून बसलेय मी!"

ती आली. माझ्यासाठीच आली. गळ्यातला टेप काढायचंही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. हॉल गच्च भरलेला. मी पहिल्या रांगेत, मान ताठ.

"तो माणूस..." मावशीनं हात वर नेला. "तो एवढा..."

हात अर्ध्यावरच थांबला.

नंतर ती मला म्हणाली, की त्या क्षणी टेप गळ्याभोवती हळूच सरकला. कुणीतरी माप घेतं ना, तसा. मला एवढंच दिसलं की तिचा हात खाली येतोय. छातीपाशी. तिच्याच छातीपाशी.

"एवढा होता तो," ती म्हणाली. "काडी होता नुसता. छाती बत्तीस. सुरी धरलेला हात लटलटत होता. मी नुसता धक्का दिला असता तरी पडला असता. मला दिसत होतं ते. तरी मी मारलं."

टाळ्या वाजल्याच नाहीत. बाईंनी खुर्ची सरकवली, तो आवाजही केवढा मोठा वाटला.

घरी जाताना मी रडत भांडले. "काय गरज होती? माझं नाक कापलंस!"

"तुझं नाक जागेवर आहे, बाळा," ती म्हणाली. "त्याचं काय उरलंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात एक शर्ट शिवत होती. चांगलं कापड, दुहेरी शिलाई. कुणाचा, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनं तो पडद्यामागे अडकवला आणि पडदा ओढून घेतला.

बाहेर लख्ख ऊन होतं. मशीन बंद होतं.

आत हँगर किणकिणला...

पडदा एका जागी फुगला. बाहीत हात घालताना कोपर लागतं, तसा.

मी वाकून पडद्याखाली पाहिलं.

पाय नव्हते.

"मावशी, चल इथून..."

ती हलली नाही. पडद्यासमोर मान खाली घालून उभी राहिली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते तेच विचारलं, पण इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं.

"कुठे ओढतंय का?"

मी तिचा हात ओढला.

"चल ना गं!"

"गिऱ्हाईक आत असलं की उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं."

आता टेप बरोबर माप दाखवतो. काकांना नवा शर्टही मिळाला. पण 'वाघीण' कुणी म्हणत नाही, आणि मावशी रोज दुपारी त्या पडद्यासमोर उभी राहून तेच विचारते.

काल ती दोरा आणायला गेली, तेव्हा मी धीर करून पडदा सारला. शर्ट हँगरलाच होता. कॉलर मळलेली. कोपरांवर सुरकुत्या...

मी मावशीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विचारेल, "नीट बसला का गं त्याला?"

आणि तिला काय सांगू?