वाट्यावरचा चिंचोका

दार श्रुतिकानं उघडलं. समोर हातात हेल्मेट धरून एक मुलगा उभा.

"नितेश आहे का? त्याचं हेल्मेट द्यायचं होतं. मी सम्यक, त्याच्या ऑफिसातला."

"आहे. आणि तूही थांब," श्रुतिका म्हणाली. "आम्हाला चौथा गडी हवाय."

घर तिचं नव्हे हं! कांदिवलीतलं ते घर तिची मैत्रीण अपूर्वा आणि अपूर्वाचा भाऊ नितेश यांचं. पण दर रविवारी दुपारी तिथे श्रुतिकानं स्वतः बनवलेला खेळ मांडला जायचा. मासळी बाजाराचा खेळ. पुठ्ठ्याचे, रंगवलेले मासे. एकसारखे पाच जमले की एक वाटा, आणि तीन वाटे आधी लावेल तो जिंकला. सोपं ना? पण शेवटी दरवेळी घोडं अडायचं. आपल्याला हवा तो मासा नेमका दुसऱ्याच्या मुठीत, आणि मूठ कोण सोडतंय! महिन्याभरावर बोरिवलीला खेळांचं प्रदर्शन, त्यामुळे बाईसाहेब नुसत्या चरफडत होत्या.

सम्यक बसला. दहाव्या मिनिटाला त्यानं बांगड्यांच्या वाट्यात खुशाल एक तारली ठेवली.

"ए! ती तारली आहे!"

"मग काय झालं? मासाच आहे ना?"

"मासाच आहे ना?" श्रुतिकाचा मालवणी जीव कळवळला. "आमच्या आजीनं ऐकलं तर जेवायला वाढणार नाही तुला."

"आम्ही मूळचे जालन्याचे गं. आम्हाला तलावातला मासा माहीत. समुद्रातले सगळे मला एकाच आईचे वाटतात," तो हसला. "आणि बाजारात मासेवाली मावशी वाट्यावर एखादा टाकतेच की. तो कुठे त्याच जातीचा असतो? माझी आई तर अडूनच बसते... वर एक टाका म्हणून."

श्रुतिका उठली ती थेट स्वयंपाकघरात. अपूर्वाच्या आईनं चिंच भिजत घातली होती, त्यातला एक चिंचोका घेऊन आली आणि पटावर ठेवला.

"हा वरचा. चिंच कुठल्याही कालवणात चालते ना? हा कुठल्याही वाट्यात चालेल."

अडलेला डाव सुटला. नितेश ओरडला, "झकास!"

त्यानंतर सम्यक दर रविवारी यायला लागला. आणि दर रविवारी त्या दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं.

"चिंचोका उचलू दे ना यार. आज या वाट्यात, उद्या त्या... मजा त्यातच आहे."

"नाही. एकदा ठेवला की ठेवला."

"किती कडक गं तू!"

कडक कसली! सरळच सांगायचं तर पोरगी प्रेमात पडली होती. तिचा चहाचा कप तो न बोलता पटापासून लांब सरकवून ठेवायचा, ओल्या रंगावर हलकेच फुंकर घालायचा... आणि हिचा कुंचला हातातच राहायचा. पण हा बाबा सगळ्यांशीच तसा! अपूर्वाच्या आईबरोबर लसूण सोलायला बसायचा, नितेशबरोबर क्रिकेटवरून भांडायचा, कुठेही बसवा, बसतो. मग आपल्याकडे बघून हसतो ते वेगळं हसतो, की तेच? तिला काही केल्या कळेना. खेळ तर केव्हाच जमला होता. तो संपला तर सम्यक कशाला येईल, या भीतीनं हीच मुद्दाम त्यात खोट काढत बसली होती.

पण प्रदर्शनाआधीचा शेवटचा रविवार उजाडलाच.

डाव रंगला. सम्यकचे दोन वाटे लागलेले, तिसऱ्यात चार कोळंब्या. श्रुतिकाचंही तसंच, तिला एक बोंबील कमी. आणि चिंचोका आला सम्यकच्या हातात. तो जिंकल्यातच जमा होता.

त्यानं चिंचोका बोटांत फिरवला... आणि हात लांब करून श्रुतिकाच्या बोंबलांवर ठेवला.

"येडा झालास काय रे?" नितेश किंचाळला. "जिंकत होतास की!"

"आपल्याच वाट्यात ठेवायचा, असं नियमात कुठे लिहिलंय?"

"उचल तो," श्रुतिका हळूच म्हणाली. "चुकून ठेवलास."

"एकदा ठेवला की ठेवला. तूच म्हणतेस ना?"

"तुला तर तो नियम आवडत नव्हता."

"नव्हता. आता आवडतो." त्याचे कान लालेलाल झाले होते. "श्रुतिका... मला तू आवडतेस. प्रदर्शन झालं तरी मला रविवारी यायचंय. खेळायला नाही. तुला भेटायला."

अपूर्वानं भावाच्या दंडाला धरलं. "चल, आई बोलावतेय." आईनं काही हाक मारली नव्हती, पण ती त्याला ओढत आत घेऊन गेली.

श्रुतिकाला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. इतके रविवार उगाच घाबरले, असं तिला वाटलं.

"आमच्या घरी यायचं तर मासे ओळखावे लागतील," ती म्हणाली. "आजी परीक्षा घेते."

"घेऊ दे."

तिनं पटावरून एक मासा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "सांग, हा कुठला?"

सम्यकनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"...बांगडा?"

तारली होती.

"वाट लागली," श्रुतिका म्हणाली, पण तारली परत घ्यायला त्याच्या तळहातावर ठेवलेला हात तिनं काही मागे घेतला नाही.