ओठ मिटलेला बादशहा

त्या सकाळी दादा नाणं बघायला निघाला तेव्हा चक्क खुशीत होता. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण दादा खुशीत असणं ही जुन्या नाण्यांच्या बाजारात बातमी होती. मागून त्याला सगळे ‘तवा’ म्हणत. थेंब पडायचा अवकाश, चर्र झालंच. एकदा एका गिऱ्हाइकाने खोटं नाणं खरं म्हणून त्याच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तेव्हा दादाने ते त्याच्याच चहाच्या कपात टाकलं, कप त्याच्या हातात दिला आणि कपासकट रस्ता दाखवला. पण माल मात्र त्याचा चोख. शिव्या खाऊनही लोक त्याच्याकडेच येत.

दुकानात तो सगळंच विकायचा. स्वतःसाठी मात्र एकच जात ठेवायचा, प्राचीन ग्रीक आणि रोमन नाणी, आणि तीही चेहरा जगावेगळा असलेली. नाण्यावरचे राजे बहुतेक एका बाजूने दिसतात. नाक पुढे, नजर लांब, सगळे एका साच्यातले. दादाला हवे असत ते साच्याबाहेरचे. सरळ समोर बघणारा एक बादशहा, ज्याचं नाक दोन हजार वर्षं लोकांच्या बोटांनी घासून सपाट करून टाकलं होतं. कानामागून मेंढ्याचं शिंग वळलेला ग्रीक राजा. पैलवानाच्या जबड्याची एक राणी. “हे माझे खरे नातेवाईक,” दादा म्हणायचा, “उलट बोलत नाहीत.”

ज्या घरी तो त्या दिवशी गेला तिथेही कुणी बोलत नव्हतं. म्हणजे बोलत होते, पण सगळे दबक्या आवाजात, शेजारच्या खोलीत तान्हं मूल निजलं असावं तसे. तान्हं मूल दिसलं नाही. एका वयस्क बाईंनी रुमालात बांधलेलं नाणं टेबलावर ठेवलं आणि दादाने सांगितलेल्या पहिल्याच आकड्याला मान हलवली. घासाघीस नाही, काही नाही. धंद्यात मुरलेला माणूस अशा वेळी दचकतो. दादा दचकला नाही, कारण तोवर भिंग डोळ्याला लागलेलं होतं आणि नाण्यावरचा चेहरा त्याला दिसला होता.

चांदीचं, कोटाच्या बटणाएवढं नाणं. म्हातारा बादशहा, मानेला तीन वळ्या, कपाळावर आठी. कडेची अक्षरं कुणीतरी छिन्नीने ठेचून काढलेली, त्यामुळे नाव समजायचा मार्ग नाही. आणि ओठ... ओठ असे घट्ट मिटलेले की गाल फुगला होता. तोंडात आलेलं काहीतरी हा माणूस मोठ्या कष्टाने गिळत होता. तीस वर्षांत दादाने असा चेहरा पाहिला नव्हता. बाई दारापर्यंत आल्या, तो जिना उतरेपर्यंत थांबल्या, आणि मग आतून कड्या लागल्या. एक, दोन, तीन.

दुकानात धाकटा होता. धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ, सव्वीस वर्षं मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून नाणी साफ करणारा, मऊ बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाणं आलं की दोघांचा एक रिवाज होता. मऊ मेणात नाणं दाबायचं, त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं, आणि सुकलेल्या ठशाच्या पाठीवर दोघांनी पेन्सिलीने तारीख घालून सही करायची. पुढेमागे कुणी नाणं बदललं, किंवा झिजलेला चेहरा कोरणीने उठावदार केला, तर ठसा लगेच चुगली करतो. कोरणी लागलेलं नाणं म्हणजे या धंद्यात मेलेलं नाणं. “माणूस पलटतो,” दादा म्हणायचा, “प्लास्टर पलटत नाही.” ठसा निघाला, सह्या झाल्या.

त्याच दुपारी दादाचं टाळकं सरकलं. फोटो काढणाऱ्याने दोन नाण्यांचे फोटो उलटसुलट छापून आणले होते. दादा त्याच्यावर जो सुटला तो पाऊण तास. नवं नाणं समोरच्या मखमलीवर होतं. फोटोवाला गेला, दादा पाणी प्यायला आणि नाणं कपाटात टाकून त्याने कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहिलं तर ओठांमध्ये एक फट होती.

केसाएवढी. पण दादाच्या डोळ्याला केस पुरे होता. त्याने ठसा काढून शेजारी ठेवला. ठशावर ओठ मिटलेले. नाण्यावर उघडलेले. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक त्याच्याकडे, एक धाकट्याकडे. आणि कोरणी चालवण्यात धाकट्याचा हात असा, की बावीस वर्षांचा असताना त्याने एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर एका राजाची झिजलेली भुवई जिवंत करून दिली होती. एकदाच. दादाने त्याला तेव्हा माफ केलं होतं, म्हणजे विषय काढला नव्हता. विसरला मात्र नव्हता.

आता विषय निघाला. भुवईपासून सुरुवात झाली आणि दादा कुठे कुठे जाऊन आला याला गणती नाही. धाकटा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “दादा, मी हात लावलेला नाही. तूच ठसा घे. आत्ता. मी इथे भिंतीपाशी उभा राहतो.”

आणि खरंच तो हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. दादाने मेण मळलं, नाणं दाबलं, प्लास्टर ओतलं. प्लास्टर आळताना गरम होतं, खोलीभर त्याचा ओलसर, खडूसारखा वास पसरतो. तेवढा वेळ दादाचं तोंड चालूच होतं. बोलता बोलता त्याला वाटलं, आपला आवाज खोलीत पूर्वीसारखा घुमत नाही. कुठेतरी मुरतोय... वाळूत पाणी मुरावं तसा.

ठसा सुटला. त्यावर बादशहाचे दात दिसत होते.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. दादाचा लाल झाला. समोर जे होतं ते एकतर अशक्य होतं, नाहीतर हातचलाखी होती, आणि रागावलेल्या माणसाला अशक्य गोष्टीपेक्षा सख्खा भाऊ दोषी ठरवणं सोपं जातं. मेणातच तू काहीतरी केलं असणार, तो म्हणाला. आणि मग जो शब्द सव्वीस वर्षांत त्या खोलीत कुणी कुणाला म्हटला नव्हता, तो म्हणाला.

“चोर.”

धाकट्याने अंगातला एप्रन काढला. घडी घातली. भिंग त्यावर ठेवलं, किल्ली भिंगाशेजारी. “बरं, दादा,” एवढंच बोलला आणि गेला.

पुढचे चार दिवस दादा दुकानात एकटा होता. दोन्ही किल्ल्या त्याच्याच खिशात. रिकाम्या खुर्चीला तो बडबडायचा, ये म्हणावं पाया पडत, दाखवतो. नाणं समोर असायचं. रोज तो एक ठसा घ्यायचा, आणि रोज तोंड आणखी उघडलेलं असायचं. तिसऱ्या ठशात जीभ दिसली. चौथ्यात जिभेमागचा खड्डा. भिंगातून तो बघवेना. बटणाएवढ्या चांदीत इतकं खोल काही असूच शकत नाही... पण होतं. आणि दादाचा घसा बसत चालला होता. आधी घोगरा, मग चिरका, मग फोनवर लोक विचारू लागले, कोण बोलतंय?

चौथ्या दिवशी दुपारी ठसे ओळीने मांडून तो बसला असताना त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुलूप त्याचं. किल्ल्या त्याच्या. दुकानात दुसरं कुणी नाही. धाकट्याने काहीच केलं नव्हतं. त्याने भिंतीला टेकून खरं तेच सांगितलं होतं.

मग दादा स्वतःवर चिडला. आयुष्यात पहिल्यांदा. टेबलावर मूठ आपटून तो स्वतःच्या नावाने ओरडला. तोंड उघडलं, छाती भरली, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि आवाज आला नाही. थोडासुद्धा नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

तसाच उठला. नाणं रुमालात बांधलं, कोटाच्या खिशात ठेवलं आणि धाकट्याच्या घराकडे निघाला. बोलता येत नसलं तरी काय बिघडलं, त्याने मनाशी म्हटलं. धाकट्याने एकदा हे उघडं तोंड पाहिलं की त्याला सगळं समजेल. नाणं त्याच्या हातात ठेवायचं, बस. ठसे तेवढे सोबत घ्यायला हवे होते. ते राहिले टेबलावर. जन्मभर वस्तूच्या साक्षीवर जगलेला माणूस, त्याला वाटलं एक वस्तू पुरे.

धाकटा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दुपारचे तीन, बायको कामावर, जिन्यात फोडणीचा आणि ओल्या कपड्यांचा वास. दार धाकट्यानेच उघडलं. चार दिवसांत तो वाळला होता. दाराची चौकट धरून तो उभा राहिला आणि वाट पाहू लागला. दादाला दिसत होतं तो कशाची वाट पाहतोय ते. एका शब्दाची. तो शब्द आला असता तर धाकटा बाजूला सरकला असता, आणि चहाचं आधण चढलं असतं.

दादाने ओठ हलवले. मग घाईघाईने रुमाल सोडून नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

धाकट्याने ते उजेडात धरलं. बराच वेळ. त्याच्या डोळ्याला भिंग लागत नसे. दादा मान पुढे करून तळहाताकडे पाहत होता. बादशहाचे ओठ मिटलेले होते. घट्ट. गाल फुगलेला.

“म्हणजे खरं नाणं तुझ्याचकडे होतं,” धाकटा हळू आवाजात म्हणाला. “तरी तू मला...”

दादा मान हलवत राहिला, खिसे चाचपत राहिला, पेन्सिल, कागद, काहीतरी... दार बंद झालं. नाणं आतच राहिलं, धाकट्याच्या मुठीत.

दादा जिन्यात उभा राहिला. काय करावं सुचेना. आणि मग आतून आवाज आला.

त्याचा आवाज. घोगरा नाही, चिरका नाही, खणखणीत. भांडी वाजवणारा तो तापलेला आवाज, जो बाजाराला पाठ होता. पण जे बोललं जात होतं ते बाजाराने कधी ऐकलं नव्हतं. दादाच्या बायकोनेही नाही. ते दादाने नऊ वर्षं दाताखाली दाबून ठेवलं होतं, मरेपर्यंत ठेवणार होता.

“आई तुझ्यामुळे गेली. त्या रात्री तिच्या उशाशी जागायची पाळी तुझी होती. तिने तीन वेळा हाक मारली आणि तू झोपला होतास.”

मग धाकट्याचा आवाज, मऊ, लहानपणचा.

“हो, दादा.”

“ऐकू आली होती ना हाक?”

“हो, दादा. आली होती...”

दादाने दारावर मुठी मारल्या. दोन्ही हातांनी, जीव तोडून. तो ओरडत होता, नाही रे, मी नाही, मी इथे आहे, बाहेर. गळा फाटेल असं ओरडत होता, आणि जिन्यात ठकठक सोडून दुसरा आवाज नव्हता.

आतलं बोलणं थांबलं. पावलं आली नाहीत. कडी वाजली नाही. पण दाराच्या फळीला अगदी ओठ लावून, त्याच्याच आवाजात, चिडून कुणीतरी विचारलं,

“कोण आहे?”