पिन धरून

शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत रविनाला ज्या दुकानाचं नाव कुणीतरी सांगितलं होतं, ते बंद होतं. नाइलाजाने ती शेजारच्या लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढली. टेबलावर वाकलेल्या तरुणाने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि मान वर केली.

"दादा, लॅपटॉप चार्ज होत नाय. साडेअकराला माझी ऑनलाइन मुलाखत हाय."

पावणेअकरा वाजले होते. मुरबाडच्या एका बियाणं जपणाऱ्या संस्थेला पाड्यापाड्यांवरची जुनी भातं नोंदवण्यासाठी माणूस हवा होता. दोन वर्षांत रविनाला आलेलं हे पहिलंच बोलावणं. डोळखांबच्या पलीकडे तिच्या पाड्यावर रेंज नसे, म्हणून ती पहाटेच निघाली होती. ही संधी हुकली तर मावशीबरोबर गोदामात पॅकिंगला जायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

त्याने स्वतःचा चार्जर लावून पाहिला. दिवा लागला नाही. मग तिच्या चार्जरला मीटर लावला. "चार्जर ठणठणीत हाय." शेवटी त्याने पोर्टमध्ये टॉर्च मारला आणि तो थबकलाच.

"ह्यात काय पेरलंय तुमी?"

चिमट्याच्या टोकाला नाचणीचा तांबूस दाणा होता.

रविनाचे कान गरम झाले. "हंड्यातलं पाणी सांडलेलं त्याच्यावर. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात, असं आईने ऐकलेलं. पण भात अजून गिरणीवर व्हतं... म्हणून तिनं लॅपटॉप नाचणीच्या कणगीत पुरला."

"किती वेळ?"

"दोन दिवस. वरनं हळदकुंकू वाह्यलं."

तो हसला, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. "मग पिन आत जाईना, म्हणून तुमी जोर लावला."

"तुमाला कसं कळलं?"

"पोर्ट बघा ना, मुळापासून हललाय." त्याने पिन खालीवर केली. नारिंगी दिवा लागला, विझला... पुन्हा लागला. "बॅटरी चांगली हाय, फक्त रिकामी झालीय. नवा पोर्ट कल्याणवरनं यायला संध्याकाळ होईल."

रविनाने घड्याळाकडे पाहिलं. त्याने अंगठ्याने पिन किंचित वर दाबून धरली. दिवा स्थिर झाला.

"अशी धरली तर चालतंय."

"पण... धरणार कोण?"

त्याने बुटकं स्टूल टेबलाच्या कडेला ओढलं आणि कॅमेऱ्याच्या नजरेखाली तो बसला. शेजारच्या टपरीवरच्या मैनाकाकू चहा घेऊन आल्या नि दारातच थांबल्या. "कुंडलिक, पोरीच्या पायाशी काय बसलायस रे?"

"काकू, गप! काम हाय."

"दिसतंय की काम," म्हणत त्या चहा ठेवून गेल्या.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावर तीन चेहरे होते. मळणीआधी भरलेली कणसं कशी निवडतात, जुडी बांधून आढ्याला का टांगतात, धुरामुळे बियाण्याला कीड कशी लागत नाही – रविना सांगत गेली. मध्येच तिची नजर खाली गेली. तो तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता, एखादं यंत्र पहिल्यांदाच उघडून पाहावं तसा. हा माणूस एवढं काय ऐकतोय? तिला मुलाखतीपेक्षा त्याचंच कुतूहल वाटू लागलं.

"अनोळखी माणसं तुमच्याशी मोकळेपणाने बोलतील?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

"आधी नीट बघायचं, ऐकायचं... टिंगल न करता. मग माणूस आपणहून सांगतो," रविना म्हणाली. "मी हे आजच शिकले."

नारिंगी दिवा एकदा लुकलुकला. पिनवरचा अंगठा सावरला.

पन्नास मिनिटांनी पडद्यावरचे चेहरे गेले.

"काय म्हणाले?" तो उठलाच नव्हता.

"सोमवारपासून मुरबाडला या म्हणाले. कागद घेऊन."

तिच्याआधी त्याचाच चेहरा उजळला. मग रविनाने पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवलं. बॅटरी साठ टक्के भरली होती. आता तिच्या तोंडी 'दादा' येईना.

"पंधरा मिनिटांनी पिन सोडली असती तरी चाललं असतं ना?"

"चाललं असतं."

"तुमाला ठाऊक व्हतं?"

"धंदाच हाय माझा तो." लाल झालेला अंगठा तो चोळत राहिला. "उठलो असतो तर... कणसांचं आयकायचं ऱ्हायलं असतं."

"एवढंच?"

तो अंगठा चोळायचा थांबला. "नाय," तो म्हणाला. "एवढंच नाय."

बाहेर डोळखांबची एसटी लागल्याचा पुकारा झाला. दोघांनीही तो ऐकला नाही.

"आकडा माझ्यासमोरच व्हता, कुंडलिक. वीस टक्के झाले तवाच बघितलेला मी."

"मग सांगितलं का नाय?"

तिने लॅपटॉप हळूच मिटला. पिन अजून त्याच्या हातातच होती.

"तुमी सोडली असती... म्हणून."