त्रेसष्ट टक्के

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे. पण ही ज्याच्यावर बेतली तो भीमराज कापूस खरेदी केंद्रावर काट्याचा कारकून होता. क्विंटलमागे किलोभर इकडेतिकडे झाला असेल त्याच्या हातून. गोष्टीत होत नाही.

ठिकाण बोरी अरब, तालुका दारव्हा. तारीख सतरा एप्रिल दोन हजार आठ, गुरुवार. वेळ भर दुपारची.

रात्र नव्हती. त्या काळात रात्री लाईट असेलच याचा भरवसा नसे. भुताला कॉम्प्युटर हवा असेल, तर त्यालाही लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच यावं लागे.

केंद्रावर त्या वर्षी कापसाच्या गाड्या फिरकल्याच नाहीत. माल खासगी व्यापाऱ्याकडे गेला. केंद्राच्या आवारात बकऱ्या येत, आणि त्या तोलायचा हुकूम नव्हता. म्हणून भीमराज दुपारी घरी येऊन गेम खेळायचा. सोबतीला राजकुमार राठोड. तो केंद्रावरचा ग्रेडर, चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारा. भीमराजच्याच घरात वरच्या खोलीत बायकोसह भाड्यानं राहायचा. मूलबाळ नव्हतं. सगळी माया भीमराजच्या मैत्रेयीवर. ती सहा वर्षांची, लाडाचं नाव मैतू.

खालच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क एवढीशी. म्हणून सत्तावीसच्या सत्तावीस गेम वरच्या कॉम्प्युटरमध्ये. वरच्या खिडकीतून एक निळी केबल भिंतीवरून खाली आणली होती. खाली बसून नेटवर्कमधलं 'राजकुमार' उघडायचं, की वरची सगळी लायब्ररी समोर हजर.

राजकुमारचा एकच नियम होता.

"एक माल, एक गोदाम. दोन ठिकाणी ठेवला का घोळ होते. कॉपी करायचीच नाई भीमराज, कट करायचं."

एकदा तो खाली येऊन म्हणाला, "तुह्या डब्याची बी पूर्ण परवानगी दे मले. माहा खेळ तिकडं सेव झाला पायजे."

"अन् तू माह्या फायली उडवल्या त?"

"मी कायले उडवतो बे? नेलं त जपून ठेवीन."

भीमराजनं पडद्यावरच्या परवानगीच्या चौकोनात टिक केली.

एका टिकेनं काय होतं?

मार्चच्या सुरुवातीला दारव्हा रोडवर राजकुमारची मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळली. जागीच गेला. दिवस उरकल्यावर त्याची बायको बबिता माहेरी, पुसदकडच्या तांड्यावर गेली. जाताना कॉम्प्युटर जीपमध्ये टाकून घेऊन गेली. खोलीला कुलूप लागलं. निळ्या केबलचं वरचं टोक खिडकीबाहेर खिळ्याला लटकत राहिलं.

आठवड्यानं भीमराज कॉम्प्युटर चालू करून बसला. मित्राचं नाव यादीतून काढावं, एवढाच हेतू.

नाव होतं.

त्यानं त्यावर क्लिक केलं...

उघडलं.

सत्तावीस गेम. एकही कमी नाही.

त्यानं डब्यामागं वाकून पाहिलं. केबलपाशी हिरवा लाईट लुकलुकत होता. अंगणात जाऊन वर पाहिलं. केबलचं टोक हवेत लटकत होतं.

त्यानं बबिताला फोन लावला.

"वहिनी, राजकुमारचा कॉम्प्युटर चालू केला काय?"

"कुठं भाऊजी? ज्वारीच्या कोठीपाशी पडून हाय. इथं पंखा फिरत नाई, अन् तो काय चालू होते!"

शहाण्या माणसानं इथंच हात जोडले असते. भीमराज खेळायला बसला. फुकट चालू असलेल्या गोष्टीचं कनेक्शन तपासणारा माणूस आपल्या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे.

चार दिवस खेळला. पाचव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं.

रणगाड्यांच्या खेळात तो चौदाव्या टप्प्यावर थांबला होता.

उघडला, तर... एकोणिसावा.

घरात दुसरं कोणी त्या कॉम्प्युटरला हात लावत नव्हतं.

तरी त्यानं पुढचा टप्पा खेळायला घेतला. राजकुमार खेळायचाच तसा चांगला.

चौदा एप्रिलला जयंती. भीमराजची आई इंदूबाई दरवर्षी विहारात बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची. जात्यावरच्या, तिच्या आईकडून आलेल्या. त्या दिवशीही ती पांढरं लुगडं नेसून माईकपुढं उभी राहिली.

तोंड उघडलं.

आणि तशीच उभी राहिली...

पाच मिनिटं. बाया मागून सुरुवातीचा शब्द सांगत होत्या. तिला काहीच उमगेना.

"भीमराज," ती खाली उतरून म्हणाली, "मले येत होतं का रे काई?"

भीमराजनं तिच्या ओव्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या होत्या. तिला ऐकवाव्या म्हणून तो घरी धावला. 'आई' नावाचं फोल्डर गायब. अख्खा डबा धुंडाळला. शेवटी 'राजकुमार' उघडलं.

सत्तावीस गेमच्या खाली अठ्ठाविसावं नाव...

आई.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूबाई ओसरीत गहू निवडत होती. तिनं एकदम मान वर केली.

"वरतं कोण बाई गाऊन राह्यली रे?"

वरच्या खोलीला कुलूप होतं.

भीमराजनं कान दिला. जात्याची घरघर... आणि त्यावर त्याच्या आईचा आवाज.

"चांगलं गाते," इंदूबाई म्हणाली, आणि पुन्हा गहू निवडू लागली.

आता सतरा तारीख.

आईचं फोल्डर परत आणायचंच, असं ठरवून भीमराज पावणेतीनला बसला. रोज तीनला लाईट जायची. पंधरा मिनिटं पुष्कळ होती. बाहेर अंगणात मैतू शेजारच्या पोरींबरोबर लंगडी खेळत होती. तिचं हसू म्हणजे खिदळणं. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. राजकुमार वरून ओरडायचा, "मैतू, थोडं मले बी ठेव!"

भीमराजनं 'आई'वर कट दाबलं. इकडं येऊन पेस्ट केलं.

पडद्यावर छोटी खिडकी उघडली. हिरवी पट्टी सरकू लागली.

त्यानं नाव वाचलं.

आई नव्हतं.

मैतू.

मैतूचे सगळे फोटो, राजकुमारनंच काढलेले व्हिडिओ. एकाच फोल्डरात. आणि ते खालून वर चाललं होतं.

नऊ टक्के.

त्यानं 'रद्द' दाबलं. दहा टक्के. पुन्हा दाबलं. बारा.

मागची केबल उपटून हातात घेतली.

हिरवा लाईट लुकलुकतच होता...

डब्याचं बटण दाबून धरलं. ढिम्म. बोर्डाचं बटण तर मागंच मोडलेलं. वायर सरळ सॉकेटात कोंबलेली, आणि सॉकेट गोदरेजच्या कपाटामागं. कपाट एकट्याला हलेना.

एकतीस टक्के.

अंगणातलं हसू थांबलं.

मग... वरून आलं.

तेच हसू. बंद खोलीतून.

"दीपा!" त्यानं बायकोला हाक मारली. "मेन बंद कर! मेन!"

दीपा विहिरीवर होती. मेन स्विच जिन्याच्या टोकाला, वरच्या खोलीच्या दाराशेजारी. भीमराज धावला. एक पायरी... दोन... तीन.

तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय थांबले.

दाराआड मैतू खिदळत होती. आणि कोणीतरी सुपारी कातरत होतं. कट्... कट्... राजकुमार खेळताना कातरायचा तशी.

फक्त आठ पायऱ्या उरल्या होत्या. पोटच्या पोरीसाठी माणूस आगीत शिरतो, असं भीमराजनं ऐकलं होतं. त्यानं आगीचं ऐकलं होतं, अडकित्त्याचं नाही.

तो वळला.

अठ्ठेचाळीस टक्के. घड्याळात तीन वाजले.

लाईट गेली नाही.

वर्षभर एक मिनिट न चुकवणारं लोडशेडिंग त्या दिवशी उशिरानं निघालं होतं. जिल्हाभर लोक ज्याला शिव्या घालत, त्याला भीमराजनं पडद्यापुढं बसून हात जोडले. त्याच्या धम्मात नवस नाही. असता, तर बोलला असता.

पंचावन्न. साठ. एकसष्ट.

तीन वाजून चार मिनिटं.

त्रेसष्ट...

पंखा थांबला. पडदा काळा झाला.

तो अंगणात आला. पोरी निघून गेल्या होत्या. मैतू आखलेल्या चौकोनात एका पायावर उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी काय करून राह्यली होती?"

संध्याकाळी दोघा शेजाऱ्यांनी कपाट सरकवलं. वायर काढली. ती पुन्हा कधी लावली नाही.

मैतू जगली. जेवली, शाळेत गेली, पहिली आली. फक्त हसली नाही. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "अभ्यासात हुशार आहे ना? मंग तक्रार काय? गंभीर मुली पुढं जातात."

गेलीही. आज पुसदला शिक्षिका आहे.

इंदूबाई चार वर्षांनी वारली. पुन्हा गायली नाही. दुपारी मात्र ओसरीत बसून ऐकायची.

तो डबा फोडून टाक, असं दीपानं शंभरदा सांगितलं. पण त्रेसष्ट टक्के मैतू त्या वाटेनं गेली. वाटच फोडली, तर ती येईल कुठून? आणि चालू करावा, तर पट्टी शून्यापासून नाही, त्रेसष्टापासून पुढं सरकणार. भीमराजनं सोळा-सतरा वर्षं हा हिशेब केला. काट्यावरचा माणूस, दोन्ही पारडी त्याला दिसतात. हात कुठंच जात नाही.

डबा इंदूबाईच्या लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवला आहे.

आता बोरीत लाईट फारशी जात नाही. गावाला आनंद आहे.

गेल्या मे महिन्यात मैत्रेयी सुट्टीत आली. दुपारी जेवून ओसरीत बसली होती. भीमराज त्याच पलंगावर पडला होता.

तिनं मान वर केली. अगदी आजीसारखी.

"बाबा, वरची खोली भाड्यानं देली काय?"

"नाई."

"मंग पोरगी कोणाची?" ती ऐकत राहिली... "किती गोड हासून राह्यली, ऐका ना."

भीमराज उठून बसला. ती पाणी प्यायला आत गेल्यावर त्यानं वाकून पलंगाखाली पाहिलं.

लुगडं जुनं, विरलेलं. त्यातून आरपार दिसतं.

हिरवा लाईट लुकलुकत होता.

वायर नाही. केबल नाही.

पट्टी त्रेसष्टावरच आहे, की पुढं सरकतेय? पडदा लावल्याशिवाय कळणार नाही. त्यानं लावला नाही.

तो रोज संध्याकाळी पुसदला फोन करतो. विशेष काही बोलणं नसतं. ऊन, पाणी, शाळा.

फोन उचलल्यावर ती "बोला बाबा" म्हणते, तेवढं ऐकायचं असतं.

परवा ती नुसतं "बोला" म्हणाली.

आणि मग... थोडं थांबून, "कोण?"

रेंज नसेल, असं दीपा म्हणते.